बिबड्यांची जाळी

लिंबायतला रॉकेलच्या रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या.

"उषाबाई, तुमची धनश्री दिल्लीला गेली म्हणे?"

"हो. उन्हावर पाणी तापवायच्या यंत्रांचे नियम ठरवताहेत, तिथं बोलावलंय तिला."

"एवढं कुठं शिकली वो?"

"कॉलेजात. पण पहिलं यंत्र आमच्याच पत्र्यावर बसवलं. पाणी काही तापेना. रोज नळ्या सोडायची, परत जोडायची."

"बिघाड काय होता?"

"ती कामावर गेली की मी यंत्राच्या काचेवर जुनं लुगडं अंथरून ज्वारीचे बिबडे वाळत घालायची. एक दिवस लवकर घरी आली."

"चिडली असंल."

"एक बिबडा मोडून खाल्ला. म्हणे, आई, सगळ्या बाया हेच करतील. मग यंत्राच्या बाजूला बिबडे वाळवायला जाळीच लावली. आता दिल्लीत म्हणते, प्रत्येक यंत्राला अशी जाळी हवी, तसा नियमच करा."

"दिल्लीवाले हसले असतील."

"हसले ना. काल एसटीडीवर सांगत होती. साहेब म्हणे, जाळी नियमात कशाला? माझ्या गच्चीवर यंत्र आहे, पाणी जरा कोमट येतं, एवढंच. ही म्हणे, चला, आत्ताच बघू."

"मग?"

"काचेवर मेमसाहेबांच्या कैऱ्या वाळत होत्या."