मथुराबाईची अब्रू

— न्हाई न्हाई, तुमी लिवा की वकीलसाहेब, चहा गार झाला तर दुसरा टाकते. काय म्हणत हुता? सिनेमापायी मला लाज वाटली का? वाटली की! लिवा — मथुराबाईला लई लाज वाटली. त्या शेफालीनं शहरातल्या ओढ्यांवर माहितीपट काढला, त्यात मी बोलले, आन् सिनेमा पास करणाऱ्या सरकारी मंडळानं माझा तेवढा तुकडा कापला — का, तर म्हाताऱ्या बाईच्या अब्रूला धक्का बसतो. बरूबर? आता ती पोरगी हायकोर्टात गेलीया, म्हणून सरकारच्या बाजूनं तुमी माझा जबाब घ्यायला आलाय. आवं, माझ्या अब्रूची एवढी काळजी माझ्या मालकानं न्हाई केली कधी! एसीत बसून मंडळ म्हणतंय, मथुराबाईला सांभाळा. मग मी मंडईत भाजीची पाटी घिऊन उन्हात बसत हुते, तवा कुठं गेलं हुतं म्हणावं हे मंडळ? — हे नका लिवू. बरं, लिवा, तुमची मर्जी.

तुमाला हितं धाडलं कुणी, माझ्या पृथ्वीराजनंच ना? लई गुणी लेक हाय. पयल्यांदा तोच सांगत आला — आई, त्यात तुझा पदर ढळलाय, तू धाय मोकलून रडतीयास, समदं गाव बघंल, लाज गेली आपली. मी म्हटलं, अगं बाई! डोईवरचा पदर मी कधी पडू दिला न्हाई, सासऱ्याम्होरं न्हाई, दिराम्होरं न्हाई. अन्न गोड लागंना. म्हटलं, कापा रं बाबांनो, देव भलं करंल त्या मंडळाचं.

रडत हुते ते खरं हाय. का म्हणजे? जाऊ गेली ना माझी. मुक्ताई. सांजचा पाऊस लागला, कात्रजकडनं येणाऱ्या ओढ्याचं पाणी आमच्या जुन्या घरात शिरलं — शिरंल न्हाई तर काय करंल, आता आपुन बसलोय ती ही बिल्डिंग उभी करायला त्याची वाटच बुजवली हुती भराव टाकून — मला लोकांनी पत्र्यावर वढून घेतलं, तिचा हात माझ्या हातातनं सुटला. तिला लेकरू न्हवतं. मी पाटी घिऊन मंडईत, आन् पृथ्वी तिच्या मांडीवर. मला आई म्हणायच्या आधी तो तिला म्हणला. लई जीव हुता तिचा त्याच्यावर.

तर काल शेफाली आली. मी तिला दारातच झापलं — माझा पदर जगाला दावतीस व्हय गं? तिनं मोबाइल काढला, म्हणली, आजी, मंडळानं कापून जेवढा पास केलाय तेवढाच बघा. बघितला. आवं साहेब — पदर ढळतोय तो हाय! रडतीया ते हाय, नाक पुसतीया ते हाय, तेबी अगदी जवळनं! समदी बेअब्रू जशीच्या तशी ठिवलीया. मग कापलंय काय? ती पोरगी इचारतीया, आजी, ओढा कुणी बुजवला? — मी तोंड उघडते — आन् खटकन पडद्यावर पुलावरच्या म्हशी!

लिवा ना. पेन का थांबलं? लाज कशाची वाटली ते तुमीच इचारलं न्हवं? हीच लाज — एवढं रडून शेवटी मथुराबाई गप बसली, असं दिसतंय त्यात. मी गप न्हवते बसले. मी नाव घेतलं हुतं. पृथ्वीराज. रंगरावांचा पृथ्वीराज, आडनाव दारावर पितळेचं लावलंय, जाताना बघा. त्यानंच बिल्डरसंगं भागी केली, त्यानंच भरावाचे डंपर आणले. माझ्याच पोटचा. सांगताना काळीज फाटलं, म्हणून तर पदराचं भान ऱ्हायलं न्हाई. पर सांगितलं. मुक्ताईसाठी कुणीतरी सांगाया नको? आन् तेवढंच कापलं, की अब्रू वाचली म्हणं. माझी व्हय?

टोपण लावलं? लावा लावा. मी सोता येते कोर्टात, शेफाली नेती म्हणलीया. जजसाहेबांम्होरं पुन्यांदा सांगीन, तिथं कशी कात्री चालवताय ते बघते. उठा आता. पृथ्वी यायची येळ झाली, त्याच्यासाठी भाकरी टाकायचीया — टाकते की, लेक हाय माझा! — काय वो, तुमची गाडी खाली तळघरात लावलीया न्हवं? मग आधी ती काढा. आभाळ भरून आलंय, आन् ओढा तिथनंच जायचा.