दोर ओढण्याआधी

मुनिरक्याला बसमध्ये चढलेल्या त्या पोराने दोरांची भलीमोठी सॅक माझ्या पायावर ठेवली आणि वर बघितलंसुद्धा नाही. इथे उत्तरेत मराठी कुणाला कळतंय, अशा थाटात शेजारच्या मुलीशी बोलणं सुरू.

“अहिल्या, जॉर्डनची ती घळ इतकी अरुंद आहे ना, हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात! आणि वाळवंट यार, पाण्याची भीतीच नाही.”

“गुणवंत, पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा घळीत येतो. हवामान बघूनच उतरायचं.”

“बिल्कुल! दोराने उतरू, दोर खाली ओढून घेऊ, चलो पुढे!”

“दोर ओढला की परत वर जाता येत नाही. म्हणून परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेवायची. तू घरी काय सांगितलंयस?”

“ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून. खरं कळलं तर आई पासपोर्ट लपवेल.”

“मग मी तुझ्याबरोबर उतरणार नाही.”

“अगं, तिकिटं काढलीत!”

“आधी आईला सांग.”

मला राहवेना.

“अरे गुणवंता, पासपोर्ट लपवेल ती, पण तू वेळेवर आला नाहीस तर अख्खं जॉर्डन हलवून सोडेल. सॅक उचल माझ्या पायावरून आणि लाव तिला फोन!”