चॅटवर बोलायला जमंना

२००९ साली हुमनाबादच्या बसस्टँडवर मी बिदरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक सर आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी बोलत होते.

"प्रतीक्षा, त्या खुल्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर मध्येच कामून सोडलंस?"

"सोडलं न्हाई, सर. तुमच्या भाषांतरवाल्यांच्या चॅटवर बोलायला जमंना."

"कामून? सगळे येतात की तिथं."

"रोजचे येतात. मी कमठाण्याहून रविवारीच नेट कॅफेत येते. तवर बोलणं कुठच्या कुठं गेलेलं असतंय. एकदा इचारलं, तर एकजण म्हणला, आधीचं वाचून या. चॅट बंद केलं की आधीचं तिथं उरतंय कुठं?"

"मला सांगायचं की!"

"तुम्हीबी तिथं होता, सर. त्यावर हसण्याचं चिन्ह टाकलं होतंत."

"...व्हय. चुकलंच माझं."

"तसं न्हाई, सर."

"न्हाई, चुकलंच. कुणीबी या म्हणायलोय, अन् दारातूनच माणूस परत पाठवायलोय. मग तूच सांग, कुठं बोलायचं?"

"ईमेलवर एक गट करा. लिहिलेलं तिथं राहतंय. मी रविवारी वाचंन, भाषांतर करणाऱ्या औरादच्या सौम्या अक्का बुधवारी वाचतील. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, जमंल तसं."

"आजच करतो. पण नव्या माणसाला पहिलं उत्तर कोण देणार?"

"मी देते की."

"काय लिहिशील?"

"'बरं झालं आलात' असं लिहीन. उत्तर येत नसलं तरी तेवढं लिहीनच."