वाऱ्यावर सरळ केलेले केस

नाही वं, मशीनची आशा सोडूनच दे आता — कोपऱ्यावरची डीपी जळली म्हणतात, संध्याकाळशिवाय काही लाईन येत नाही, अन् भाऊजीसंगं तुया साखरपुडा चार वाजता. पार्लरवाली येऊन तरी काय करीन, थंडी मशीन डोक्यावर फिरवीन का? बस इथं, या स्टुलावर, पाठ मायाकडं कर. घाबरू नको, दार लावलं मी. खाली सांगून आली की पद्मजाले वरच्या खोलीत साडी नेसवून देते, कोणी येऊ नका. हाव, मी पाह्यले तुये कुरळे केस — न्हाणीतून निघाली अन् टॉवेल सरकला ना, तवाच पाह्यले. बाकी कोणी नाही पाह्यले. तुयी आई तं एवढी भेदरली की मले वाटलं आता रडतेच. मीच म्हटलं तिले, काकू, तुम्ही खाली बसा, चहा घ्या, मले बिना मशीनचे केस सरळ करता येतात. नुसत्या वाऱ्यावर. दोन तासात. आता तू डोणगावहून सकाळच्या बसनं आली, डोक्यात धूळ गेली, म्हणून धुतले अन् तेवढ्यात लाईन गेली — याच्यात तुयी काय चूक?

टॉवेल नको घासू, फेक तो. टॉवेलनं केस उभे राह्यतात. हे घे, मामंजीचं जुनं धोतर — सुती हाये, असं नुसतं दाबायचं, पिळायचं नाही. आता मोठ्या दाताचा कंगवा. तेल दोनच थेंब, जास्त झालं की चिपकतात. अन् आता पाहा — म्हणजे तुले दिसणार नाही, पण समजून घे — सगळे केस डोक्याभोवती गुंडाळायचे, फेट्यावानी, कंगवा टाळूले चिकटवून, ओढून, अन् दर दोन बोटांवर एक पिन. दुखते का? दुखते थोडं. ढिले राह्यले तर मधातच वळतात. तासभर असे ठेवायचे, मग सोडून उलट्या बाजूनं गुंडाळायचे, अन् अजून तासभर. उन्हात नाही, उन्हात ताठ होतात — सावलीत, वाऱ्यात. बुलढाण्याले वाऱ्याची काय कमी, घाट चढून थेट आपल्या गच्चीवरच येते तो, म्हणून खिडकी उघडी ठेवली. मान हालवू नको.

मले कसं येते? मोबाइलवर पाह्यलं एकदा, असंच — नाही, तुयाशी काऊन खोटं बोलू, आता जावा-जावा म्हणून एकाच घरात राह्यचं हाये आपल्याले. आठ वर्षं झाले मी हेच करून राह्यली. दर बुधवारी, दर रविवारी. हे माये केस — हात लाव, लाव नं — तुयावानीच हायेत. तुयाहून जास्त. ओले असले की बोटात अंगठीवानी बसतात.

मले पाह्याले येणार होते ना माया माहेरी, संग्रामपूरले, त्या दिवशी पहाटेच मामानं मले गाडीवर शेगावले नेलं अन् केस सरळ करून आणले. मग हे लोक आले. अन्नपूर्णाबाईंनी — म्हणजे आपल्या आत्याबाईंनी, आता तुयाही सासूबाईच — मायी वेणी हातात घेतली अन् म्हणाल्या, ‘पोरगी सावळी हाये, पण केस पाहा कसे, पाण्यावानी. आमच्या घरात असेच लागतात.’ सगळे हासले. मायी आई पण हासली. ते गेल्यावर मी म्हटलं, आई, सांगून टाकू, तं आई म्हणे, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी चांगलं घर घालवते का? लग्न झाल्यावर केस कोण पाह्यते?’ — पाह्यतात, पद्मजा. लग्न झाल्यावरच तं पाह्यतात.

पहिल्याच रविवारी मी डोक्यावरून न्हाली अन् या खोलीत येऊन कडी लावली. केस गुंडाळले, वरून फडकं कचकचून बांधलं. थोड्या वेळानं आत्याबाई दार ठोकतात, काय झालं वं, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखते. निघून गेलं बस तोंडातून. फडकं बांधलेलं होतंच. तवापासून मले अर्धशिशी हाये. घरात सगळ्याइले माहीत हाये, बुधवारी-रविवारी तिले आवाज नका देऊ. माया गार्गीच्या पप्पांनी मले अकोल्याले नेलं, डोक्याचा फोटो काढला — त्या नळकांड्यात झोपवतात ना, ढणढण वाजते ते — अन् मी आत पडल्या पडल्या काय विचार करे माहीत हाये? की याच्यात केस दिसत असतीन का. काहीच निघालं नाही. डॉक्टरनं गोळी देल्ली. ती घेते मी. हाव, घ्याच लागते, आत्याबाई स्वतः पाण्याचा गिलास घेऊन येतात, गिळेपर्यंत समोर उभ्या राह्यतात, कपाळावर हात ठेवतात. वाईट नाहीत त्या. वाईट असत्या तं मले सोपं गेलं असतं — हासू नको, पिन सरकते.

बाबा गेले तवा मी दहा दिवस डोक्यावरचा पदर खाली येऊ देल्ला नाही. आत्याबाई होत्या ना संग्रामपूरले संगं. आंघोळ झाली की केस वळायचे सगळे, वाळवाले कुठं जागा नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं. बाया गळ्यात पडून रडत, अन् मी एका हातानं पदर धरून. बापासाठी धड रडली पण नाही मी. जाऊ दे. तिकडं वळव डोकं, ही बाजू राह्यली.

गार्गी? गार्गीचे तू पाह्यले ना — पाह्यलं म्हणजे काय पाह्यलं, बोटभर तं आले हायेत. तिचं डोकं या जूनमध्ये चकोट केलं. पहिलीत जायच्या आधी. तिसऱ्यांदा. वर्षाची होती ना, तवा तिच्या कानामागं पहिला वेटोळा आला, मी तो थुंकी लावून दाबे. दाबून कुठी राह्यते? आत्याबाई म्हणाल्या, ‘हे कोणाचे केस? आमच्याकडं कोणाचे नाहीत, अन् आईचे तं असे सुतावानी.’ जावळ काढलं, पुन्हा तसेच आले. मग म्हणाल्या, अजून एकदा काढू, सरळ येतीन. तवाही तसेच आले. या तिसऱ्या बारीले पोरगी समजदार झाली होती, न्हाव्याले पाहून पलंगाखाली लपली. मी काढलं तिले बाहेर. मीच तिचे हात धरले. ती म्हणे, आई, सांग ना त्याइले, आई सांग ना. काय सांगू? माये हायेत म्हणून सांगू?

अन् गार्गीचे पप्पा — आल्हाद नाव हाये, पण माणूस तसा अबोल — एक दिवस जेवता जेवता हासतच म्हणाले, ‘खरं सांग, ही कोणावर गेली?’ मी वरण वाढत होती. मी म्हटलं, काय माहीत. एवढंच म्हटलं मी. पुन्हा नाही विचारलं त्यांनी. मी रोज वाट पाह्यते की विचारतीन, ओरडतीन, पण नाही. फक्त पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत नाहीत आता. गाडीवर समोर बसवतात, सगळं आणतात, पण डोक्यावरून हात नाही. एक बादली पाणी, पद्मजा! त्यांच्यासमोर डोक्यावर ओतली असती तं संपलं असतं सगळं. कितीदा बादली भरली मी. अन् मग वाटते, ते म्हणतीन, आठ वर्षं डोकं दुखते म्हणून सांगत आली, तं आता पोरीबद्दल सांगते हे तरी खरं कशावरून? पोरीचं तं वाईट होईनच, मायंही होईन. मग ते पाणी मी झाडाइले टाकते.

परवा पोरगी आरशासमोर उभी. म्हणे, ‘आई, तू चांगले केस तुयासाठी ठेवून घेतले अन् मले हे काऊन देल्ले?’

थांब, रडू नको, मी तुले रडवाले नाही सांगून राह्यली. मी तं याच्यासाठी सांगितलं की तुले रीत समजली पाह्यजे, दोघी असलो तं सोपं जाईन, एकीनं दार सांभाळायचं — काय? काय म्हणाली? भाऊजीले माहीत हाये? कधी सांगतलं तू? फोनवर? अन् ते काय म्हणाले?

‘मग काय झालं’?

एवढंच? ... एवढंच म्हणता येते?

तरी तू आलीच मायामागं वर. हाव, आईच्या भीतीनं, समजलं मले, तुयी आई अन् मायी आई सारख्याच. पण मी तुले वर काऊन आणलं, ते तुले नाही समजलं. मले वाटलं तुयासाठीच करून राह्यली मी हे. नाही वं. तू तशीच खाली गेली असती, अन् आत्याबाई दोन शब्द बोलून गप बसल्या असत्या — भाऊजी संगं उभे असल्यावर काय बोलतीन? — तं मग मी आठ वर्षं इथं कोणासाठी बसली? मले ते पाह्यचं नव्हतं. म्हणून तुले पिना लावत होती मी.

हात खाली घे. तू नको काढू, तुटतीन केस, मी काढते. अजून ओलेच हायेत, वळतीन चांगले. ही शेवटची. झटक डोकं. माय वं... केवढे हायेत!

आवाज देऊन राह्यल्या पाहा खालून, जा. नाही, मी नाही येत, मायाच्यानं नाही होत ते सगळ्याइसमोर सांगणं, मले ओढू नको. अन् जिना हळू उतर. गार्गी अंगणातच खेळून राह्यली, तिनं एवढ्या मोठ्या बाईचे असे केस जवळून कधी पाह्यलेच नाहीत. तिनं हात लावला तं लावू दे. जा आता. मले काही नको विचारू — जा वं, दार ओढून घे.