तळ्यात सोडलेलं नाव

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी ढीगभर पाहिल्या, पण औंधकडच्या एकीनं माझं डोकंच चक्रावून टाकलं. संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. गावतळ्यात आमच्या खात्यानं रोहू मासे सोडले होते. ते लोक खातात का, हे मी घरोघर विचारत होतो.

"मालकांचं नाव काय?"

"आवं, तुमीच तळ्यात सोडलंय की!"

"मालकांना?"

"त्यास्नी न्हाई वो, माशास्नी!"

तेवढ्यात गोठ्यातून मालक ओरडले, "राऊ! राऊ लिवा!"

राऊ आणि रोहू! सुटलो बाबा एकदाचा, म्हणून हसत पुढचा प्रश्न विचारला, "मग खाता का तळ्यातले मासे?"

बाई भडकलीच. "धन्याच्या नावाचा मासा इळीवर धरू व्हय?"