शेकोटी, फोडणी आणि छताला भोक

नाही पण मला सांगा, मी चुकीचं काय विचारलं? लाइट गेले तर? एवढंच विचारलं ना! त्यावर आमचा सारंग असा हसला, असा हसला की समोरच्या सीटवरच्या डच आजीबाईंनी पुस्तकातून डोकं वर काढलं... आणि ट्रेनचा तो डबा बोलायला बंदी असलेला, म्हणजे मला नवऱ्यावर धड ओरडताही येईना!

तुम्हाला सांगते, इथे नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला आमचं घर होतंय. नवं कोरं. इथे नव्या घरांना गॅसची लाइनच देत नाहीत, त्यामुळे शेगडी विजेवर, अंघोळीचं पाणी विजेवर, आणि घर गरम ठेवायला हीट पंप, तोही विजेवरच. भिंती ह्या एवढ्या जाड, खिडक्यांना तीन-तीन काचा, फटीफटीत फोम भरलेला. बिल्डरचा माणूस छाती फुगवून म्हणतो कसा, "मॅडम, आतली हवा बाहेर नाही, बाहेरची आत नाही!" अरे बाबा, घर विकतोयस की लोणच्याची बरणी?

बरं, बरणीचा ताबा डिसेंबरात आणि माझी तारीख जानेवारीत. म्हणजे बाळाला दवाखान्यातून आणायचं कुठे? बरणीत! बाहेर बर्फ, आत सगळं विजेवर, आणि... लाइट गेले तर?

सारंग म्हणतो, "अगं, इथे गुरुवार नसतो."

आता गुरुवार म्हणजे काय ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको. दुरुस्तीच्या नावाखाली गुरुवारी लाइट जाणार म्हणजे जाणार. बुधवारीच चटण्या वाटून ठेवणारी, टाकी भरून घेणारी, इस्त्री उरकणारी माणसं आम्ही! ते रक्तात असतं हो, व्हिसा बदलला म्हणून जातं का? मी अजूनही बुधवारी संध्याकाळी फोन चार्जिंगला लावते.

म्हणून मीच म्हटलं, लाकडाची शेकोटी घेऊ. काचेचं दार असलेली, सुरेखशी. लाइट गेले की लाकडं घातली, काडी ओढली, बाळ उबेत. झालं! आणि मगाशी दात काढून हसणारा हाच सारंग, तुम्हाला सांगते, शेकोटी म्हटल्याबरोबर अंगात आल्यासारखं करायला लागला! बर्चचं लाकूड कसं जळतं, ओकचं कसं, ओलं कसं ओळखायचं, ढीग कसा रचायचा... अहो, ज्याला घरात नारळ फोडता येत नाही तो कुऱ्हाडी बघत होता! त्यात बिल्डरचा निरोप: धुराड्यासाठी छताला भोक हवं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, नंतर छत बंद.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की मला नुसती नथ दिसत होती. "अगं, आमच्या सासूबाईंचे डोळे गेले फुंकणी फुंकून! दारात पहिला सिलिंडर आला तेव्हा मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आणि तुम्ही विमानात बसून जाऊन चूल घेताय?"

"आई, चूल नाही, शेकोटी."

"तिच्यावर भाकरी होते?"

"नाही..."

"मग चुलीहून वाईट!"

म्हटलं, प्रत्यक्ष बघून तरी घेऊ. माझी मैत्रीण उत्तरा, उइटहॉर्नला असते, तिचंही घर असंच नवं आणि असंच हवाबंद, आणि तिच्याकडे शेकोटी आहे. गेलो रविवारी. आणि काय सांगू, काय ती शोभा! काचेमागे नारिंगी ज्वाळा, तिचा नवरा पुष्कर पाय पसरून बसलेला, "गेझेलिख, नाही का?" म्हणतोय. म्हणजे कसं उबदार, घरगुती, छान. शब्द तोच एक शिकलाय तो डचमधला, पण वापरतो सगळीकडे. मला तर तिथेच बाळाचा पाळणा दिसायला लागला. मी सारंगला कोपर मारून म्हटलं, भोक पाड!

तेवढ्यात आतून उत्तरा म्हणाली, "थांबा हं, कढीला फोडणी तेवढी घालते." चिमणीचं बटण दाबलं, फुल स्पीड... घूंऽऽऽ! आणि इकडे शेकोटीच्या कडांमधून धूर हळूच डोकावला. मग जरा धीट झाला. मग आलाच सगळा बैठकीत! अलार्म किंचाळायला लागला. मी किती शूर ते तुम्हाला माहीतच आहे... बाकीचे खोकत उठेपर्यंत मी पोट सांभाळत बागेत पोचलेसुद्धा! हातात वाटी, पायात पुष्करचे बूट.

पुष्कर म्हणतोय, "असं नेहमी होत नाही हं वहिनी!"

खिडक्या उघडता उघडता आतून उत्तरा, "नेहमी होतं! फोडणी घातली की होतं! ह्याला विचारा, मी सहा महिने कढी खिडकी उघडून आणि टोपी घालून करतेय!"

मग शेकोटीच्या शोरूमला. तिथे मरायके नावाच्या बाई. उंच, केस बारीक कापलेले, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. पहिलाच प्रश्न, "स्वयंपाक करता?" सारंग म्हणाला, "थोडासा."

थोडासा! मिरचीच्या ठेच्याशिवाय ज्याचा घास उतरत नाही तो म्हणतोय थोडासा! मी म्हटलं, बाईंना खरं सांगायला हवं, बाळाचा प्रश्न आहे. पण फोडणीला इंग्रजीत म्हणतात काय हो? माझ्या तोंडून निघून गेलं, "वी एक्स्प्लोड मस्टर्ड सीड्स." बाईंनी कप खाली ठेवला. "रोज?" म्हटलं, "दोनदा."

मग त्यांनी समजावलं. चिमणी हवा बाहेर फेकते. घराला फट नाही, मग त्या जागी हवा येणार कुठून? धुराड्यातून, धुरासकट! उपाय आहेत म्हणे. शेकोटीला बाहेरून हवेची वेगळी नळी. स्वयंपाकघरात हवा गाळून परत आतच सोडणारी चिमणी... म्हणजे ठेच्याचा ठसका हॉलभर, पाळण्यापर्यंत! आणि शेजारची इमारत उंच, त्यामुळे धूर नीट ओढला जाणार नाही, तर धुराड्याच्या टोकाला पंखा.

"पंखा?" मी विचारलं. "तो कशावर चालतो?"

"विजेवर."

"आणि... लाइट गेले तर?"

"तर पेटवायची नाही."

अहो, मग घ्यायची कशाला! पण मरायकेबाई थांबतायत होय? "तुम्हाला ही लागतेच कशाला? तुमच्या घरात सगळ्यात छोटी पेटवली तरी जानेवारीत बनियनवर बसाल. लाइट गेले तरी असं घर पटकन गार पडत नाही. चार माणसं आत बसवा. माणसाच्या अंगालाही ऊब असते." सांगा, ही बाई दुकानात विकायला बसलीये की गिऱ्हाईक घालवायला? आपल्याकडचा दुकानदार असता तर पंख्यासाठी बॅटरीसुद्धा गळ्यात मारली असती!

सारंगचं तोंड एवढंसं झालं. एका शेकोटीच्या दारावरून हात फिरवून आला बिचारा. मग बसस्टॉपवर उभ्या उभ्या त्यानेच बिल्डरला कळवलं, भोक नको. आणि मला म्हणाला, "माणसंच बोलवू. आईबाबा येतील जानेवारीत."

"आणि माझे?"

"तेही. दोन्हीकडचे. चार माणसं, बरोबर?"

आणि मी, तुम्हाला सांगते, लाइटच्या भीतीने मी हो म्हटलं! लगेच फोन लावले. सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई पण येणार? ...बरं. बाळंतिणीचे लाडू मात्र मी करणार हं." आईला फोन केला. आई म्हणाली, "त्या पण? ...असू दे. बाळाची मालिश मात्र माझ्याकडे. आणि लाडू." आणि तिकडून बाबांचा आवाज, "मला मध्ये घेऊ नका."

म्हणजे अख्खा हिवाळा, खिडक्या बंद, एक ओटा आणि दोन आया. ऊब पुरेल हो, ती काळजी मिटली. फरक एवढाच, की लाकडाची असती तर निदान विझवता तरी आली असती.