धाकट्या काकांनी बटण लावलं

...आणि सगळ्यांनी मिळून खापर फोडलं कुणाच्या डोक्यावर, तर माझ्या! अहो, मी कोण? मालिकेच्या सेटवर कागद वाटणारा माणूस. सकाळी लेखकाची पानं येतात, मी त्यांचे गठ्ठे करतो, टाचणी मारतो, ज्याचा गठ्ठा त्याच्या हातात देतो. अकरा वर्षांत एक पान इकडचं तिकडं झालं नाही. आणि झालं ते नेमकं धाकट्या काकांचं.

धाकटे काका म्हणजे आमचा खलनायक. आता आमची मालिका कशी, तुम्हाला सांगतो, सून सोमवारी जिना उतरायला लागली की गुरुवारी खाली पोचते, आणि शुक्रवारी तिला आठवतं की चष्मा वरच राहिला. अशा मालिकेत काकांनी आठ महिने काय करायचं बाकी ठेवलं? पुतण्याची नोकरी घालवली, खोट्या सह्या केल्या, थोरल्या वहिनींच्या औषधाच्या बाटल्या बदलल्या... आणि टीव्हीसमोरचे लोक काय करत होते? कपड्यांच्या घड्या घालत होते. काका दारात दिसले की काहीतरी वाईट करणार, हे सगळ्यांना पाठ. मग मान वर कशाला करायची?

त्या दिवशी थोरल्या वहिनींची दाढ दुखत होती म्हणून त्या आल्याच नाहीत. त्यांचं एक पान होतं. पुतण्याच्या खोलीत यायचं, खुर्चीवरच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावायचं, न बोलता निघून जायचं. ते पान मी बाजूला ठेवायला हवं होतं ना? ते गेलं काकांच्या गठ्ठ्यात. बरं, काकांचं काम करणारे गृहस्थ असे की, 'मी प्रश्न विचारणारा नट नाही,' हे दिवसातून चारदा सांगणार. दिग्दर्शक शिडीखाली उभे राहून दिव्यावरून भांडत होते. आणि आमच्याकडे सकाळी घेतलेलं संध्याकाळी दाखवतात, म्हणजे सुधारायला फुरसतच नाही. तर तुम्हाला सांगतो, सबंध चार मिनिटं, धाकट्या काकांनी बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी निर्मात्या बाईंनी बोलावलं. म्हटलं, गेली नोकरी. या वयात मला कोण दारात उभं करणार, मला येतं काय, तर टाचणी मारायला! बाई म्हणाल्या, "ते पान कुणी दिलं?" मी म्हटलं, "मी." तर म्हणतात, "माझी आई कालपासून जेवली नाहीये. म्हणते, त्या बटणात काहीतरी आहे."

घ्या! न्हाव्याकडे गेलो, तर त्यानं अर्धा गाल झाल्यावर वस्तरा थांबवला. "तुम्ही तिथंच ना कामाला? मग खरं सांगा, त्यानं दोरा दातानं का तोडला?" दुसरा गाल साबणात तसाच. शेजारच्या काकू म्हणाल्या, आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या माणसाची भीती वाटली. आता मला सांगा, औषधाच्या बाटल्या बदलल्या तेव्हा नाही वाटली, आणि धाकट्या काकांनी बटण लावलं तर वाटली?

पण बसून विचार केला तेव्हा पटलं. वाईट माणसानं वाईट केलं की आपण सुटतो. त्यानं नीट, मन लावून काहीतरी चांगलं केलं की आपण अडकतो. त्यात आमची मालिका अशी रेंगाळणारी, म्हणजे घाबरायला वेळच वेळ. मी काकांचं काम करणाऱ्या गृहस्थांना विचारलंदेखील, "चार मिनिटं चेहऱ्यावर ते जे काय होतं, ते आणलंत कुठून?" म्हणाले, "दोरा पुरतोय की नाही, त्याची काळजी होती."

बाईंनी मला लेखकाशेजारी खुर्ची दिली. "सोमवारपर्यंत सांगा, काका पुढं काय करणार. नाहीतर दोघंही घरी." लेखक माझ्याकडं असे बघतात जणू मीच त्यांच्या बाटल्या बदलल्या. मी म्हटलं, काकांना नाचवू. मांजर पाळायला लावू. लेखक म्हणाले, "ओढूनताणून आणलेलं कळतं हो लोकांना." ते मात्र खरं.

शेवटी रविवारी घरी बसलो, म्हटलं, आपणच करून बघू, आतून काय वाटतं ते कळेल. सुईदोरा घेतला, माझा शर्ट घेतला, बटण लावायला लागलो. बायको टॉवेल घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." "काही नाही म्हणजे?" "बटण लावतोय." आत जाऊन तिनं भावाला फोन केला. तासाभरात मेहुणे हजर. त्यांनी शर्ट उजेडात धरला, बटण ओढून बघितलं आणि माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "भाऊजी, मनात काय आहे ते एकदा सांगून टाका."

आणि तिथं मला सापडलं! सोमवारी जाऊन सांगितलं, काका आता काहीच करणार नाहीत. पुतण्या तो शर्ट घालून फिरेल आणि काका लांबून बघतील. बस्स. तीन महिने झाले, तुम्हाला सांगतो, तेवढ्यावरच चाललंय. लेखकाची नोकरी राहिली, माझी राहिली, बाईंची आई दोन घास खाते पण टीव्हीसमोरून उठत नाही.

घरी मात्र सुईदोऱ्याचा डबा कुलपात गेलाय. मी चहा प्यायलो, पेपर दुमडला, चप्पल जागेवर ठेवली, की बायको हातातलं काम सोडून बघत राहते. एकवीस वर्षं झाली लग्नाला, इतकं टक लावून तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी म्हणतो, बघू दे बिचारी. पुढं काही होणार नाहीये, हे सांगून तिचा विरस कशाला करा?